भिंती बघायला एवढे पैसे?

पत्र (थोडं कापून छापतेय, राग नसावा):

"ताई, मी इचलकरंजीची, वय ५६. घरचे यंत्रमाग आहेत, आता मुलगा बघतो. मागच्या दिवाळीत सगळ्यांनी मिळून म्हैसूर-उटी केलं. म्हैसूरला जगनमोहन पॅलेसमध्ये दिवा घेतलेल्या बाईचं ते रविवर्म्याचं चित्र आहे ना, अंधाऱ्या खोलीत, ते बघून मी तिथंच थांबले. आमच्या माहेरी देवघराशेजारी ह्याच चित्राचं कॅलेंडर होतं. तिच्या बोटांच्या कडा दिव्यानं लाल दिसतात, अगदी खरी बोटं. किती वेळ गेला कळलं नाही, बाहेर गाडीचा हॉर्न वाजत होता, मग उटीपर्यंत मिस्टरांची बोलणी खाल्ली. तेव्हापासून डोक्यात बसलंय की असं गावोगाव जाऊन खरी चित्रं बघावीत. मिस्टर म्हणतात भिंती बघायला एवढे पैसे? मोबाईलवर दिसतं की सगळं. मला चित्रातलं काही कळत नाही, शिक्षण बारावी, गुडघे दुखतात, पुण्यापलीकडे कधी एकटी गेले नाही. मुलगी हॉलंडला असते, ती ये म्हणते. हे वेड आहे का? नसेल तर सुरुवात कुठून करू?"

ताई, वेडाचं नंतर बघू, आधी एक सांगते ते जरा बसून वाचा. ते चित्र रविवर्म्याचं नाहीच! अर्ध्या महाराष्ट्राला ते रविवर्म्याचं वाटतं, मलाही कॉलेज संपेपर्यंत वाटायचं, कारण कॅलेंडरवर जे काही साडीतलं आणि सुंदर ते रविवर्म्याचं असा आपला सरळ हिशेब असतो. रविवर्मा १९०६ साली गेले, हे चित्र त्यानंतर कितीतरी वर्षांनी झालं आणि ते काढलं सावंतवाडीच्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांनी. दिवा धरून उभी आहे ती त्यांची स्वतःची मुलगी गीता. लग्नानंतरच्या गीता उपळेकर. २०१८ साली वारल्या, वय वर्षं १०२, आणि कुठं माहितीय? कोल्हापुरात. म्हणजे जिला बघायला तुम्ही म्हैसूरपर्यंत गेलात आणि जिच्यामुळं बोलणी खाल्लीत ती बाई शेवटी तुमच्यापासून तासाभराच्या अंतरावर होती. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हातातला चहा गार झाला होता.

आता "मला काही कळत नाही" ह्याबद्दल. तुम्ही पत्रात चित्राबद्दल एकच वाक्य लिहिलंय, बोटांच्या कडा लाल दिसतात. अहो त्या चित्रातली सगळी करामत तीच तर आहे. ते चित्र जलरंगातलं आहे, वॉटरकलर. तेलरंगात कसं, काळं आधी लावून त्यावर पांढरा-पिवळा ठेवून उजेड आणता येतो, चुकलं तर पुसून परत करता येतं. जलरंगात तसं नसतं, तिथं उजेड म्हणजे मुळात कागदाचा पांढरेपणा, तो आधीपासून राखून ठेवावा लागतो, एकदा गडद रंग चढला की गेलं. त्यामुळं एवढ्या मोठ्या अंधारात ती बोटं आणि तो चेहरा असा उजळ राखणं म्हणजे काय नजर आणि काय हात असेल विचार करा. हे तुम्हाला कुणी न सांगता दिसलं. का दिसलं, तर तुम्ही स्वतः तीनशे वेळा वाऱ्यातून दिवा नेलाय हाताचा आडोसा करून, म्हणून दिसलं. मग कळत नाही कसं म्हणता?

आणि तुमच्याकडं अजून एक गोष्ट आहे जी माझ्याकडं नाही, ती म्हणजे कापडाची नजर. मी साडी बघते तेव्हा मला रंग दिसतो आणि किंमत दिसते. तुम्ही जन्मभर यंत्रमागाच्या घरात काढलात, तुम्हाला सूत दिसत असणार, काठ कुठं भरलाय, पदर कसा पडलाय, कापड चापूनचोपून बसेल की झुळझुळीत राहील हे नुसतं लांबून कळत असणार. तर माझा सगळा सल्ला एवढाच आहे की हाच धागा धरून जा. दालन एक दालन दोन असं हजेरी घेतल्यासारखं फिरू नका. चित्रातलं कापड बघायचं म्हणून जा, ते ज्यांनी मन लावून काढलंय ते चित्रकार शोधत जा. जगनमोहनमध्येच रविवर्म्याचं एक चित्र आहे, खरंखुरं रविवर्म्याचं, वेगवेगळ्या प्रांतांतल्या अकरा बायका वाद्यं वगैरे घेऊन बसल्यात आणि प्रत्येकीचं नेसणं वेगळं. तुम्ही त्याच इमारतीत होता! हॉर्नमुळं राहिलं असणार. असू दे, परत जायला निमित्त झालं.

मिस्टरांच्या प्रश्नाकडं येते, कारण तो प्रश्न वाईट नाहीये. मोबाईलवर दिसतं हे खरंच आहे, मी स्वतः रात्री तासन् तास बघत असते. पण मोबाईलवर सगळी चित्रं एकाच मापाची होतात. वडोदऱ्याचं माणसाएवढं उंच पोर्ट्रेट आणि तळहाताएवढं लघुचित्र, दोन्ही सारखीच, अंगठ्यानं ढकलायची. मोनालिसा प्रत्यक्षात ७७ बाय ५३ सेंटिमीटर आहे हे कितीजणांना माहीत असतं, टूरवाल्यांबरोबर जाऊन आलेली आमच्या सोसायटीतली माणसं येऊन सांगतात "एवढंसंच आहे हो!" जणू काही फसवणूक झाली. आणि दुसरं म्हणजे मोबाईलला स्वतःचा दिवा असतो, आतून. तुमच्या त्या चित्राला आतून दिवा नाही, नुसता कागद आणि रंग, तरी उजेड दिसतो, ही गंमत पडद्यावर कशी येणार, तिथं सगळंच उजळ. हे मिस्टरांना सांगून बघा, पटलं नाही तर पुढं एक उपाय आहे माझ्याकडं, सांगते.

सुरुवात कुठून, तर घरापासून. लांबचं बुकिंग आत्ता अजिबात करू नका. एक दिवस सकाळची एसटी धरून कोल्हापूर. भाऊसिंगजी रोडवरचं टाऊन हॉल म्युझियम, तिथं पहिल्यांदा कोल्हापुरातल्याच ब्रह्मपुरीच्या उत्खननातल्या वस्तू लागतात, त्यात समुद्रदेव पोसायडनची एक छोटी कांस्यमूर्ती आहे, पार रोमन काळातल्या व्यापारातून पंचगंगेच्या काठावर आलेली, ती बघून घ्या. पण तुमचं काम चित्रांशी, कोल्हापूरच्या चित्रकारांशी. आबालाल रहिमान हे नाव लक्षात ठेवा. मुंबईच्या जेजे स्कूल ऑफ आर्टला शिकून आलेला माणूस, मुंबईत राहून नाव-पैसा कमावता आला असता, पण परत कोल्हापूरला आला आणि रंकाळा, कोटीतीर्थ, पंचगंगेचा घाट हेच काढत बसला. शाहू महाराजांनी त्यांना आश्रय दिला होता. १९२२ ला महाराज गेले आणि त्या दुःखात आबालालनी आपली ढीगभर चित्रं कोटीतीर्थाच्या पाण्यात सोडली असं सांगतात. जी उरली ती उरली. त्यांची निसर्गचित्रं बघितलीत की तिथून उठून सरळ रंकाळ्यावर जायचं, संध्याकाळी, आणि बघायचं तो उजेड अजून पडतो का तसा. हे दिल्ली-मुंबईच्या म्युझियममध्ये करता येत नाही, चित्र आणि चित्रातली जागा एकाच रिक्षाच्या भाड्यात.

राजारामपुरीत चंद्रकांत मांडरेंचं कलासंग्रहालय आहे, नट म्हणून माहीत असतील तुम्हाला, त्यांनी आपलं घर चित्रांसकट सरकारला दिलं. वेळ उरला तर जा.

दुसरी फेरी औंध, सातारा जिल्ह्यातलं, खटाव तालुका. यमाई देवीचं औंध हो, तुमच्या ओळखीत कुणाची ना कुणाची कुलदेवी असेलच, म्हणजे घरी सांगायला देवदर्शनाचं कारणही झालं (मी अशी कारणं खूप वापरलीत, देवाला राग येत नाही). डोंगरावर जाताना वाटेत श्री भवानी संग्रहालय लागतं. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी, सूर्यनमस्काराचा प्रसार करणारे तेच, ते स्वतः चित्रकार होते, रामायणाची चित्रं त्यांनी स्वतः काढली आणि छापली. ह्या माणसानं आयुष्यभर जमवलेला संग्रह १९३८ च्या सुमारास ह्या इमारतीत लावला, आणि तो बघून माझं तर डोकंच फिरलं होतं. सातारच्या दुष्काळी माळावर रविवर्म्याची मूळ चित्रं, त्यात सैरंध्री (अज्ञातवासातली द्रौपदी), धुरंधरांची चित्रं, किरातार्जुनीयाची लघुचित्रमाला, आणि एका कोपऱ्यात हेन्री मूरचं मदर अँड चाइल्ड, दगडातलं. हेन्री मूर म्हणजे विसाव्या शतकातला इंग्लंडचा सगळ्यात मोठा शिल्पकार, त्याचं काम बघायला लोक लंडनला जातात आणि आपल्याकडं ते यमाईच्या डोंगरावर आहे. मी गेले तेव्हा तिथं मी, एक शाळेची सहल आणि वॉचमन. सहल वीस मिनिटांत गेली, मग नुसती मी.

सैरंध्रीपुढं उभ्या राहिलात तर तिच्या कापडाकडं बघा आणि मला कळवा काय वाटलं, मला खरंच तुमच्याकडून ऐकायचंय. आणि धुरंधर तर तुमच्याच भागातले, कोल्हापूरचे, १८९० ला जेजेत गेले आणि पुढं तिथलेच पहिले भारतीय डायरेक्टर झाले. नऊवारीतली बाई चालताना, वाकताना, पाणी भरताना कापड कुठं ताणतं कुठं सुटतं हे त्यांच्याइतकं कुणी बघितलं नसेल असं माझं मत. तज्ज्ञांचं काय असेल ते असेल.

आता गुडघे. हा फार खरा विषय आहे आणि सगळे त्याला हसतात. १९१६ साली बोस्टनच्या म्युझियममधल्या गिलमन नावाच्या माणसानं ह्यावर चक्क लेख लिहिला, एका माणसाला वाकून, उकिडवं बसून, मान वाकडी करून कपाटातल्या वस्तू आणि लेबलं बघायला लावली आणि त्याचे फोटो काढले, म्हणजे दाखवून दिलं की दमणूक बघणाऱ्याच्या अंगात नाही, मांडणीत आहे. त्याला तेव्हापासून म्युझियम फटीग म्हणतात. म्हणून लाज वाटून घ्यायची नाही. माझा नियम दोन तास, त्यापुढं एक मिनिट नाही, मग समोर लिओनार्डो असला तरी. पहिली वीस मिनिटं सगळीकडं भराभर चक्कर, कुठंही थांबायचं नाही. त्यात तीन चित्रं मनात धरायची. मग परत येऊन त्या तिघांपुढंच जायचं, जवळ बाक असेल तर बसायचं, नसेल तर वॉचमनकडं खुर्ची मागायची, देतात हो, बाईमाणूस प्रेमानं बघतंय म्हटलं की त्यांनाही बरं वाटतं, दिवसभर सेल्फीवाल्यांना ओरडून दमलेले असतात. एका चित्रापुढं पंधरा मिनिटं. पाचव्या मिनिटाला कंटाळा येतो, उठावंसं वाटतं, तेव्हा उठायचं नाही. सातव्या-आठव्या मिनिटाला काहीतरी नवीन दिसायला लागतं, दरवेळी दिसतं, का ते मला सांगता येत नाही पण वीस वर्षांचा अनुभव आहे. तेलरंगाचं चित्र असेल तर आधी लांबून मग नाक लागेल एवढं जवळून (वॉचमन ओरडेल, ओरडू दे, हात तेवढा लावू नका). लघुचित्र असेल तर उलट, ती हातात धरून बघायलाच केलेली असतात, लांबून बघण्यात अर्थ नाही, चष्मा जवळचा घेऊन जा.

आणि अंधाराबद्दल तक्रार करू नका. लोक म्हणतात दिवे नीट लावत नाहीत, पैसे खाल्ले असतील. जलरंग, लघुचित्रं, जुनं कापड ही सगळी उजेडानं विटतात, परत कधीच न येण्यासारखी, म्हणून तिथं ५० लक्सच्या आसपासच, म्हणजे अगदी मंद, उजेड ठेवायचा असा जगभरचा दंडक आहे. पाच मिनिटं थांबलं की डोळे सरावतात. फ्लॅश मारायचा नाही तो त्याचसाठी. तुम्हाला तर हे सांगायलाच नको, उन्हात वाळत घातलेल्या साडीचं काय होतं ते.

तिसरी फेरी मुंबई, आणि हिला मुक्काम लागेल. कोल्हापूरहून रात्री महालक्ष्मी एक्सप्रेस, सकाळी सीएसएमटी. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, जुनं प्रिन्स ऑफ वेल्स, १९२२ साली लोकांना उघडलं. प्रचंड आहे, सगळं बघायला गेलात तर संपलात, गिलमनची आठवण येईल. फक्त लघुचित्रांचं दालन करा आणि जमलं तर टाटा बंधूंनी दिलेली युरोपियन चित्रं. दुपारी रस्त्यापलीकडं नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट आणि जहांगीर आर्ट गॅलरी. जहांगीरला फुकट जाता येतं, बऱ्याचदा चित्रकार स्वतः तिथंच बसलेला असतो बिचारा, कोण येतंय का बघत, त्याच्याशी बोला. "हे काय काढलंय" असं सरळ विचारायचं. चांगला चित्रकार असेल तर आनंदानं सांगतो, वाईट असेल तर इंग्रजीत सांगतो.

भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय पण आहे, इमारतच बघत राहावी अशी, ते दुसऱ्या खेपेला ठेवा.

एकटीचं काय? पहिल्या दोन फेऱ्या तर जाऊन-येऊन आहेत, त्या एकटीनंच करा, सवय होते. आपल्याकडं एकटी बाई देवळात गेली तर कुणी विचारत नाही, म्युझियममध्ये गेली तर पहिले दोन वेळा आपल्यालाच चोरट्यासारखं वाटतं, तिसऱ्यांदा वाटत नाही. खरं सांगायचं तर म्युझियम ही एकट्या बाईला फिरायला सगळ्यात बरी जागा, तिकीट असतं, वॉचमन असतो, बाथरूम असतं, कुणी धक्के मारत नाही. मुक्कामाच्या फेरीला भिशीतली एखादी मैत्रीण घ्या, पण निवडून, जिला गप्प बसता येतं अशी. मी आणि माझी मैत्रीण दारात वेगळ्या होतो, दोन तासांनी कँटीनला भेटतो आणि एकमेकींना एकच चित्र सांगायचं असा करार आहे, मग परत जाऊन एकमेकींचं चित्र बघून येतो. ह्यात भांडणं झालेली आहेत. अबोला पण झालाय, सुरत स्टेशनपर्यंत.

कारण चौथी फेरी वडोदरा, तिथूनच येताना झालं ते. वडोदऱ्याला आपली माणसं भरपूर, रिक्षावाल्याशी मराठीत बोलून बघा, बऱ्याचदा चालून जातं. सयाजीराव तर आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे, शेतकऱ्याचा पोरगा दत्तक जाऊन राजा झाला आणि त्यानं रविवर्म्याला बोलावून लक्ष्मीविलास पॅलेससाठी पुराणातल्या प्रसंगांची चौदा चित्रं करून घेतली, १८८८ ला काम दिलं. चित्रं झाल्यावर आधी लोकांना बघायला ठेवली होती, आणि माणसांची रीघ लागली म्हणतात, कारण तोवर देवदेवता अशा खऱ्याखुऱ्या माणसांसारख्या, खऱ्या लुगड्यात, कुणी बघितल्याच नव्हत्या. तेव्हाच कळलं की लोकांना ही चित्रं घरात हवीत, पुढं १८९४ ला मुंबईत छापखाना निघाला, मग तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तिथून जे कॅलेंडरांचं पीक आलं ते थेट तुमच्या माहेरच्या भिंतीपर्यंत. पॅलेसच्या आवारातल्या महाराजा फतेहसिंग म्युझियममध्ये रविवर्म्याचा मोठा संग्रह आहे, ती इमारत पूर्वी राजघराण्यातल्या मुलांची शाळा होती. छापील रविवर्मा आणि मूळ रविवर्मा ह्यात काय फरक आहे ते इथं कळतं. छापताना सगळ्यात आधी जरीची चमक मरते हो. मूळ चित्रात जरीच्या काठावर नुसते चार-पाच फटकारे असतात पिवळ्याचे, जवळून बघितलं तर काहीच नाही, चिखल, आणि तीन पावलं मागं आलं की जर चमकते. मी मागं-पुढं, मागं-पुढं करत होते तेव्हा एका लहान मुलानं आईला विचारलं की ह्या आजी व्यायाम करतायत का.

सयाजीबागेतली पिक्चर गॅलरी वेगळी, तिथं युरोपातली चित्रं आहेत, इमारत १९१४ ला तयार होती पण महायुद्धामुळं चित्रं तिकडंच अडकली आणि उघडायला १९२१ उजाडलं. आणि कीर्तिमंदिरात नंदलाल बोसांची भिंतीवर काढलेली चित्रं आहेत, गंगावतरण, मीराबाई, महाभारतातलं युद्ध. तिथून मिस्टरांना फोटो पाठवा, खाली लिहा, भिंत बघतेय.

आता तो उपाय. अहमदाबादला शाहीबागेत कॅलिको म्युझियम ऑफ टेक्स्टाइल्स आहे, साराभाई कुटुंबानं १९४९ ला सुरू केलेलं. तिथं मिस्टरांना घेऊन जा. चित्रं बघायला चल म्हणू नका, कापड बघायला चल म्हणा. गुजरातमधल्या पाटणचा पटोला आहे, ज्यात ताणा आणि बाणा (उभं आणि आडवं सूत) दोन्ही विणायच्या आधीच बांधून रंगवतात आणि विणताना एकेक फूल जुळवत न्यावं लागतं, मुघल काळातले तंबू आहेत, भरतकाम आहे, छापील कापड आहे जे इथून बाहेरदेशी जायचं. ज्या माणसानं जन्मभर यंत्रमागाचा खडखडाट ऐकलाय त्याला त्या शांततेत पटोल्यापुढं उभा करा आणि बघा काय होतं, मला वाटतं हॉर्न ह्या वेळी तुम्हाला मारावा लागेल. फक्त तिथं उठून जाता येत नाही, आधी नाव नोंदवावं लागतं, थोडीच माणसं घेतात, बरोबर माणूस असतो तोच फिरवतो, पिशव्या-मोबाईल बाहेर. मोबाईल बाहेर हे मिस्टरांना आधी सांगू नका.

हैदराबादचं सालारजंग म्युझियम पण सगळे सुचवतील तुम्हाला. जा, पण इतक्यात नको, एका घराण्यानं हौसेनं जमवलेला पसारा आहे तो, दुपारी बारा वाजता सगळे त्या घड्याळापुढं गर्दी करतात बाहुला टोले मारतो ते बघायला. तुम्ही त्या वेळी व्हेल्ड रिबेकापुढं जा, तिकडं तेवढा वेळ शुकशुकाट असतो. बेंझोनी ह्या इटालियन शिल्पकारानं केलेला संगमरवरी पुतळा, चेहऱ्यावर ओला झिरझिरीत पदर आणि तो पदर पण दगडाचाच. कापडवाल्या बाईनं बघायलाच पाहिजे.

राहिलं हॉलंड. मुलगी बोलावतेय तर जा की, त्यात काय विचारायचं. तिला फक्त एवढं सांगा की अॅमस्टरडॅमची तिकिटं आधी ऑनलाइन वेळेसकट काढून ठेव, व्हॅन गॉगच्या म्युझियमला तर तसंच जावं लागतं. राइक्सम्युझियममध्ये रेम्ब्रांटच्या नाइट वॉच ह्या भल्यामोठ्या चित्रापुढं जत्रा असते, तिला नमस्कार करून त्याच्यासमोरच्या लांबट दालनात व्हर्मीरची दूध ओतणारी बाई शोधा. ४५ बाय ४१ सेंटिमीटर, तुमच्या घरातल्या गणपतीच्या फोटोएवढं. एक मोलकरीण भांड्यातून दूध ओततेय, बास, एवढंच. तिचा निळा एप्रन बघा, तो निळा अफगाणिस्तानच्या डोंगरातल्या लाजवर्द दगडाचा आहे, आणि अजिंठ्याला जो निळा दिसतो तोही लाजवर्दचाच. मग परत आल्यावर अजिंठा करायचं ओघानं आलंच.

पैशाचं मी काही बोलत नाही, घरातला हिशेब घरातल्यालाच माहीत. मी दर महिन्याला एक डबा भरते, तो भरला की जाते, नाही भरला की नाही जात, एकदा दोन वर्षं नाही गेले. कोल्हापूर-औंधला तर एका साडीएवढाही खर्च येत नाही.

आणि माझ्या हातून झालेलं तुमच्या हातून होऊ नये म्हणून सांगते. माझी पहिली लांबची ट्रिप दिल्लीची, दीड दिवस रेल्वेनं बसून मोठ्या उत्साहात एका म्युझियमच्या गेटवर पोचले तर कुलूप. सोमवार. दुसऱ्याच दिवशीचं परतीचं तिकीट. पुढं एकदा एका छोट्या गावी फक्त एका चित्रासाठी गेले, चौकशी न करता, तर चित्र दुरुस्तीला गेलेलं आणि भिंतीवर नुसता खिळा. तुमच्या मिस्टरांचं वाक्य तेव्हा माझ्या बाबतीत शब्दशः खरं झालं, मी भिंत बघून आले. म्हणून निघण्याआधी फोन करायचा, उघडं आहे का आणि अमुक चित्र लावलेलं आहे का, दोन्ही विचारायचं. सालारजंग शुक्रवारी बंद, भाऊ दाजी लाड बुधवारी, प्रत्येकाचं वेगळं असतं. पर्समध्ये वही आणि पेन्सिल ठेवा, पेन नको, काही ठिकाणी शाईचं पेन आत नेऊ देत नाहीत.

वेड आहे का विचारलं होतंत. आहे. औंधला कधी जाताय ते कळवा, मलाही त्या सैरंध्रीकडं जाऊन बरीच वर्षं झाली. शनिवार-रविवार जमत असेल तर बघा, सोमवार मात्र नको.